खिडकीची जागा, आर्क्टिकचा बर्फ आणि आपल्या पोटऱ्या

"मॅडम, बर्फ बघायला विमानात कोणत्या बाजूला बसावं?"

सरकारी रुग्णालयाच्या ओपीडीत हा प्रश्न मला पहिल्यांदाच आला. विचारणारे गृहस्थ निवृत्त शिक्षक, वय ६७, आयुष्यभर भूगोल शिकवलेले. मुलगा सॅन फ्रान्सिस्कोजवळ नोकरीला आहे. पत्नी आणि लेकीसह मे महिन्यात दुबईमार्गे त्याच्याकडे निघायचे होते. दुबईहून निघालेले हे विमान उत्तरेकडे चढत जाते, आर्क्टिक महासागर ओलांडते आणि कॅनडावरून खाली उतरते, हे त्यांना पक्के ठाऊक होते. "इतकी वर्षं फळ्यावर काढला तो उत्तर ध्रुव. आता एकदा डोळ्यांनी बघायचाय," ते म्हणाले.

असा प्रश्न ऐकून कोणालाही कौतुक वाटेल. मलाही वाटले. पण माझी नजर आधी त्यांच्या डाव्या पायाकडे गेली. तीन वर्षांपूर्वी याच मुलाकडून परत आल्यावर त्यांची डावी पोटरी दुखू लागली होती. प्रवासाचा शीण समजून घरी तेल लावून चोळणे सुरू झाले. पाचव्या दिवशी ते माझ्यासमोर आले तेव्हा डावा पाय उजव्यापेक्षा स्पष्ट जाड दिसत होता. डॉप्लर सोनोग्राफीत खोल शिरेत रक्ताची गुठळी निघाली. त्याही वेळी जागा खिडकीचीच होती. पंधरा तासांत ते फक्त एकदा उठले होते. का, असे विचारल्यावर उत्तर मिळाले, "शेजारचे झोपले होते हो. त्यांना कशाला उठवायचं?" आणि बर्फ? "डिसेंबर होता मॅडम. बाहेर सगळा अंधार."

बर्फही दिसला नाही आणि गुठळी मात्र मिळाली. आता पुन्हा तोच मार्ग, तीच खिडकी. त्यांना नाही म्हणणे सोपे होते. पण दरवर्षी आपल्याकडचे कितीतरी आईवडील मुला-नातवंडांना भेटायला अशा लांब उड्डाणांनी जातात. त्यांना खिडकीतून बघूच नका असे सांगणारा डॉक्टर कोणाला आवडेल? म्हणून या दोन्ही प्रश्नांची उत्तरे आज एकत्र देते. दृश्य कसे मिळवायचे आणि पाय कसे जपायचे.

एकाच वर्षातल्या दोन गोष्टी

१५ नोव्हेंबर १९५४ रोजी स्कँडिनेव्हियन एअरलाइन्सने कोपनहेगन ते लॉस एंजलिस ही आर्क्टिकवरून जाणारी नियमित प्रवासी सेवा सुरू केली. वाटेत ग्रीनलँडमधील सोंद्रे स्ट्रोमफ्योर्ड, म्हणजे आजचे कांगर्लुसुआक, आणि कॅनडातील विनिपेग येथे थांबा होता. पृथ्वी गोल असल्यामुळे नकाशावर वाकडी दिसणारी ही वाट प्रत्यक्षात जवळची असते.

त्याच १९५४ साली बोस्टनचे शल्यचिकित्सक जॉन होमन्स यांनी एक शोधनिबंध लिहिला. खूप वेळ एका जागी बसून राहिल्याने पायाच्या खोल शिरांमध्ये गुठळी होते, हा त्याचा विषय. त्यांच्या रुग्णांपैकी एक होता १४ तासांचा विमानप्रवास करून आलेला ५४ वर्षांचा डॉक्टर. साधारण माझ्याच वयाचा आणि माझ्याच व्यवसायातला!

बसून राहण्याचा हा परिणाम त्याआधीही दिसला होता. १९४० मध्ये लंडनवर बॉम्बहल्ले होत असताना लोक रात्र-रात्र आसऱ्याच्या जागी आरामखुर्च्यांवर बसून काढत. फुप्फुसात गुठळी अडकून होणारे मृत्यू अशा लोकांमध्ये वाढल्याचे कीथ सिम्पसन या डॉक्टरांनी नोंदवले. तिथे ना उंची होती ना विमान. होती फक्त खुर्ची. पुढे १९७७ मध्ये विमानप्रवासातल्या या त्रासाला 'इकॉनॉमी क्लास सिंड्रोम' हे नाव मिळाले आणि दोष स्वस्त तिकिटावर गेला. २०१२ मध्ये अमेरिकेतील छातीविकारतज्ज्ञांच्या संघटनेने आपल्या मार्गदर्शक सूचनांत सांगितले की, स्वस्त वर्गाचा दोष सिद्ध करणारा ठोस पुरावा नाही. धोका वाढवणाऱ्या गोष्टींच्या यादीत मात्र त्यांनी खिडकीच्या जागेचा समावेश केला.

त्याआधी २००९ मध्ये नेदरलँड्समधील संशोधकांनाही आइल सीटच्या तुलनेत खिडकीशी बसणाऱ्यांत गुठळीचा धोका सुमारे दुप्पट आढळला होता. लठ्ठ व्यक्तींमध्ये तो आणखी जास्त होता.

खिडकीने काय बिघडते?

खिडकीच्या काचेत काही दोष नाही. हृदय रक्त पायांपर्यंत ढकलते, पण ते परत वर आणण्याचे बरेचसे काम पोटरीचे स्नायू करतात. आपण चालतो तेव्हा हे स्नायू शिरांना पिळतात आणि रक्त वर सरकते. शिरांमधल्या झडपा ते पुन्हा खाली येऊ देत नाहीत. आपण गुडघे दुमडून तासन्‌तास बसलो की हा पंप बंद पडतो आणि रक्त संथ होते. साचलेल्या पाण्यावर शेवाळ धरते, तसे संथ रक्तात गुठळी धरू शकते. ती तिथून सुटून फुप्फुसात गेली तर जीवावर बेतते.

आइल सीटवर बसलेला माणूस सहज उठतो. खिडकीशी बसलेल्याला दोघांना उठवावे लागते. आपल्याकडची ज्येष्ठ मंडळी तर दुसऱ्याला त्रास नको म्हणून लघवीही रोखून धरतात. 'सारखं उठायला नको' म्हणून पाणी पीत नाहीत. माझ्या मते खिडकीच्या जागेतला खरा धोका या संकोचात आहे.

मात्र घाबरून जाऊ नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या पुढाकाराने झालेल्या आणि २००७ मध्ये जाहीर झालेल्या संशोधनानुसार चार तासांपेक्षा लांब प्रवासाने गुठळीचा धोका दुप्पट ते तिप्पट होतो. पण मुळात तो कमी असल्याने निरोगी माणसात चार तासांवरच्या उड्डाणानंतर हे प्रमाण सुमारे सहा हजारांत एक इतकेच राहते. उड्डाण जितके लांब, तितके ते वाढते. थोड्या दिवसांत अनेक लांब प्रवास केले तरीही वाढते.

खिडकी कोणी सोडावी?

पुढील व्यक्तींनी लांब उड्डाणात आइल सीट घ्यावी आणि निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना भेटावे: ज्यांना पूर्वी पायात किंवा फुप्फुसात गुठळी झाली आहे, ज्यांची गेल्या काही आठवड्यांत मोठी शस्त्रक्रिया, विशेषतः गुडघा किंवा खुबा बदलण्याची, झाली आहे, ज्यांच्या पायाला प्लास्टर आहे, ज्यांचे कर्करोगाचे उपचार चालू आहेत, ज्या गर्भवती आहेत किंवा ज्यांची नुकतीच प्रसूती झाली आहे, ज्या इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक किंवा हार्मोनच्या गोळ्या घेतात, आणि ज्यांचे वजन खूप जास्त आहे.

उंचीचाही संबंध आहे. १९० सेंटिमीटरपेक्षा उंच प्रवाशांत धोका जास्त दिसला आहे, तसाच तो १६० सेंटिमीटरपेक्षा कमी उंचीच्या विमानप्रवाशांतही दिसला. उंच माणसाचे पाय अडकतात, तर बुटक्या माणसाचे पाय लोंबकळतात आणि सीटची कड गुडघ्यामागे दाबत राहते. आपल्याकडच्या बहुतेक आज्या, मावश्या या दुसऱ्या गटात येतात. पाय जमिनीला टेकत नसतील तर एखादी छोटी पिशवी पायाखाली घ्यावी. मात्र पाय हलवायला जागा उरेल इतकीच.

आता बाजू कोणती?

आपण सगळे हा हिशोब लहानपणापासून करत आलो आहोत. एसटीत चढताना आई सांगायची, "उन्हाच्या बाजूला बसू नका." विमानातही तेच. सूर्य ज्या बाजूला, तिकडे काच चमकते, बर्फ डोळे दिपवतो आणि खालचे काही धड दिसत नाही. सावलीच्या बाजूने बर्फावरचे तडे, डोंगरांच्या सावल्या, निळसर छटा स्पष्ट दिसतात.

युरोपातून अमेरिकेला दिवसा जाणारे विमान पश्चिमेकडे जाते, तेव्हा दुपारचा सूर्य दक्षिणेला, म्हणजे डावीकडे असतो. म्हणून ग्रीनलँड बघायला उजवी बाजू चांगली. परतीचे उड्डाण बहुधा रात्रीचे असते. ध्रुवीय प्रकाश दिसलाच तर तो उत्तरेला, म्हणजे डावीकडे दिसण्याची शक्यता जास्त. दुबईहून सकाळी निघून ध्रुवाजवळून सॅन फ्रान्सिस्कोला जाणाऱ्या विमानात आर्क्टिकच्या टप्प्यात सूर्य मुख्यतः डावीकडे राहतो, म्हणून उजवी खिडकी घ्यावी. हा टप्पा साधारण पाचव्या-सहाव्या तासाला सुरू होतो आणि पुढे पाच-सहा तास चालतो. वारा आणि हवाई हद्दींप्रमाणे रोजचा मार्ग मात्र बदलू शकतो. म्हणून समोरच्या पडद्यावरचा नकाशा बघत राहावे.

ऋतूही बघा. डिसेंबरमध्ये ध्रुवाकडे सूर्य उगवतच नाही. तेव्हा बर्फाची आशा सोडून ध्रुवीय प्रकाशाची धरावी. त्यासाठी सप्टेंबर ते मार्च हा काळ बरा. केबिनमधला उजेड काचेत पडतो, म्हणून डोक्यावर ब्लँकेट किंवा गडद शाल ओढून काचेला लागून बघावे. समुद्रातला बर्फ मार्चच्या सुमारास सर्वाधिक असतो आणि सप्टेंबरमध्ये सर्वांत कमी. एप्रिल-मेमध्ये बर्फही भरपूर आणि उजेडही चोवीस तास. जुलैत ग्रीनलँडच्या बर्फावर निळीशार तळी दिसतात. दिसायला ती अप्रतिम असतात, पण ते वितळलेले पाणी आहे हे विसरू नये.

पंखावरची रांग टाळावी. पंखाच्या पुढची जागा सर्वांत चांगली. लगेच मागे बसल्यास इंजिनातून निघणाऱ्या गरम हवेमुळे दृश्य थरथरते. काही रांगांना खिडकीच नसते, तेव्हा सीट निवडताना नकाशा नीट बघा. काही नव्या विमानांत पडदा नसतो, बटण दाबून काच गडद करतात. तिथे क्रू सगळ्या काचा एकदम गडद करू शकतो. आणि बाकीचे झोपलेले असताना बाहेर लख्ख उजेड असेल, तर पडदा चार बोटेच उघडावा. दृश्य तेवढ्यातूनही दिसते.

छोटी उड्डाणे निर्धास्त

खास आर्क्टिक बघायलाच निघाला असाल तर नॉर्वेतील ट्रॉम्सो ते स्वालबार्ड बेटांवरील लाँगइयरब्येन हे उड्डाण दोन तासांच्या आतले आहे. ७८ अंश उत्तरेवरचा हा विमानतळ १९७५ मध्ये सुरू झाला. स्वालबार्डचा सुमारे ६० टक्के भूभाग हिमनद्यांखाली आहे. ढग नसतील तर शेवटची वीस-पंचवीस मिनिटे दोन्ही बाजूंना टोकदार शिखरे आणि बर्फाचे पट्टे दिसतात. तिथून छोट्या विमानाने नी-ओलसुंडला जाता येते. २००८ पासून तिथे भारताचे 'हिमाद्री' हे संशोधन केंद्र आहे. ते चालवणारी संस्था आपल्या शेजारच्या गोव्यात, वास्कोला आहे. एवढ्या छोट्या उड्डाणात वर सांगितलेल्या धोक्याची फारशी चिंता नाही. मात्र मुंबईहून तिथे पोहोचेपर्यंतचे सगळे तास मिळून हिशोब करावा. आधीच्या लांब टप्प्यात आइल सीट आणि शेवटच्या छोट्या टप्प्यात खिडकी, ही वाटणी मला सर्वांत शहाणपणाची वाटते.

दोन नेहमीच्या शंका

ध्रुवावरून जाताना किरणोत्सर्ग जास्त लागतो का? हो, कारण पृथ्वीचे चुंबकीय कवच तिथे कमी संरक्षण देते. पण अशा एका लांब उड्डाणातली मात्रा साधारण ०.०५ ते ०.१ मिलिसिव्हर्ट असते, छातीच्या मोजक्या एक्स-रेएवढी. जमिनीवर राहूनही निसर्गाकडून आपल्याला वर्षाला सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट मिळतात. हे किरण विमानाच्या पत्र्यातून आरपार येतात, त्यामुळे खिडकीशी बसा की मधे, फरक पडत नाही. कायम उडणाऱ्या वैमानिक आणि क्रूचा प्रश्न वेगळा आहे. त्यांच्या मात्रेचा हिशोब ठेवावा लागतो.

दुसरी शंका डोळ्यांची. खिडकीचे प्लास्टिक यूव्हीबी किरण जवळपास पूर्ण अडवते, यूव्हीए काही प्रमाणात आत येऊ शकतात. ताजा बर्फ प्रकाश जोरात परतवतो. अर्धा-अर्धा तास टक लावून बघणार असाल तर चांगला गॉगल लावा. मोतीबिंदूची नुकतीच शस्त्रक्रिया झाली असेल तर नक्कीच लावा.

खिडकीशी बसायचेच असेल तर

विमान सुटण्यापूर्वी शेजाऱ्यांना हसून सांगून टाका, "मला डॉक्टरांनी दर दीड-दोन तासांनी उठायला सांगितलंय." एकदा सांगितले की पुढचा संकोच संपतो. ते उठतील तेव्हा तुम्हीही उठा. बसल्या जागी दर अर्ध्या तासाने टाचा टेकवून चवडे वर, मग चवडे टेकवून टाचा वर, असे वीस-तीस वेळा करा. पुढच्या सीटखाली मोठी बॅग कोंबू नका. पायावर पाय टाकून झोपू नका. कपडे सैल असू द्या. पाणी थोडे थोडे पीत राहा. मद्य आणि झोपेच्या गोळ्या टाळा, कारण त्यांनी माणूस एकाच अवस्थेत तासन्‌तास पडून राहतो.

धोका जास्त असलेल्यांना गुडघ्यापर्यंतचे कॉम्प्रेशन स्टॉकिंग्ज उपयोगी पडतात. पण ते मापाचे हवेत. पायाचा रक्तपुरवठा कमी असेल, तर मधुमेहींनी ते विचारल्याशिवाय घालू नयेत. 'रक्त पातळ राहावे' म्हणून स्वतःच्या मनाने ॲस्पिरिन घेणे हा उपाय नाही.

लांब प्रवासानंतर दोन्ही घोटे थोडे सुजणे नेहमीचे आहे. ते एक-दोन दिवसांत ओसरते. एकच पाय सुजला, पोटरी दुखू लागली, गरम किंवा लालसर वाटली, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. तो पाय चोळू नका, तेल लावून मालीश करू नका, कारण गुठळी सुटू शकते. अचानक धाप, श्वास घेताना छातीत दुखणे, खोकल्यातून रक्त किंवा चक्कर येऊन पडणे ही तातडीने रुग्णालय गाठण्याची लक्षणे आहेत. धोका पहिल्या दोन आठवड्यांत सर्वाधिक असतो आणि पुढेही काही आठवडे राहतो. म्हणून डॉक्टरांना 'नुकताच लांब विमानप्रवास झाला' हे आपणहून सांगा. तो एक तपशील निदान बदलू शकतो.

आमच्या भूगोलाच्या सरांचे काय झाले? पूर्वी गुठळी झालेली असल्याने मी त्यांना प्रवासापुरते औषध लिहून दिले. कोणते ते इथे मुद्दाम सांगत नाही. ते प्रत्येकाचे वेगळे असते आणि तपासूनच ठरते. जागांची वाटणी लेकीने केली. उजवीकडच्या तिन्ही जागा घेतल्या: सर आइलला, लेक मधे, आई खिडकीशी. नकाशावर विमान आर्क्टिकमध्ये शिरले की आई-बाबांनी जागा बदलायची. त्या टप्प्यातही दर तासाला लेक गजर लावून बाबांना उठवणार.

ऑगस्टमध्ये सर परत आले. मोबाइलवरचे फोटो दाखवायची त्यांना घाई झाली होती. पांढऱ्या बर्फावर काळ्या पाण्याचे लांबच लांब तडे, पुढे कॅनडाची गोठलेली तळी. "फळ्यावर मी ध्रुव सपाट पांढरा रंगवायचो. तो तसा नाहीच हो, सगळा चिरलेला आहे," ते सांगत होते.

मी म्हटले, "सर, फोटो बघतेच. आधी दोन्ही पँट गुडघ्यापर्यंत वर करा."

दोन्ही पोटऱ्या टेपने मोजल्या. दोन्ही सारख्या भरल्या. मग निवांत फोटो बघितले.